परिपत्रक लिहिणारा हात

२०२४ सालच्या दिवाळीत, वसुबारसेच्या सकाळी, माझ्या मामेभावाचा सांगलीहून फोन आला. हळद आणि गुळाची त्यांची पेढी तीन पिढ्यांची आहे. आवाज नेहमीचा नव्हता. “दादा, बँकेत पैसे आहेत आणि काढता येत नाहीत. चालू खाते गोठवले आहे म्हणतात. तुम्ही बँकेत होतात, काहीतरी करा.”

कारण कळायला दोन दिवस गेले. तीन आठवड्यांपूर्वी एका अनोळखी गिऱ्हाइकाने काउंटरवर हळद पावडर घेतली आणि क्यूआर कोडवर २,३५० रुपये दिले. ते पैसे परराज्यातील एका वृद्ध गृहस्थांच्या फसवणुकीतून आलेले होते आणि तीन खात्यांतून फिरत इथवर पोहोचले होते. तेथील पोलिसांनी बँकेला कळवले आणि बँकेने २,३५० रुपये न रोखता सगळे खातेच रोखले. खात्यात अकरा लाखांहून अधिक रक्कम होती. हमालांचा बोनस, अडत्यांची देणी, दिवाणजींचा पगार असे सारे त्यातूनच व्हायचे होते.

मी शाखेत गेलो. समोरचा तरुण अधिकारी अत्यंत सौजन्याने वागला. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, “सर, आमच्या हातात काही नाही. वरून आलंय.” हे वाक्य ऐकून मी निरुत्तर झालो, कारण चौतीस वर्षांच्या नोकरीत मी ते शेकडो वेळा उच्चारले होते. खाते एकोणीस दिवसांनी मोकळे झाले. वहीपूजन मुहूर्तावर झाले, पण नव्या वहीतील पहिली नोंद उसन्या पैशांची लिहावी लागली. माझ्या मामेभावाला पैशांपेक्षा त्याचेच दुःख अधिक झाले.

या प्रसंगात दुष्ट असे कोणी नव्हते, म्हणून तो मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर येते, ती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेतून बँकांकडे जाते आणि पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले तेथे ते अडवण्याचा प्रयत्न होतो. २०२१ पूर्वी अशी देशव्यापी सोय नव्हती. पत्र या पोलीस ठाण्यातून त्या शाखेत जाईपर्यंत पैसे कधीच पसार झालेले असत. ज्यांची आयुष्यभराची पुंजी गेली त्यांच्या दृष्टीने ही यंत्रणा म्हणजे मोठाच आधार आहे. प्रश्न एका शब्दाचा आहे. ‘वादग्रस्त रक्कम’ रोखायची की ‘खाते’ रोखायचे? बँकेत आपण ज्याला लिन म्हणतो ते नेमक्या रकमेवर लावता येते. परंतु पत्रात रक्कम स्पष्ट नसेल, किंवा असूनही शाखाधिकाऱ्याला जबाबदारीची धास्ती वाटली, तर सगळे खाते बंद करणे हा सोपा मार्ग ठरतो. केरळमधील अनेक व्यापाऱ्यांवर हीच वेळ आली, तेव्हा तेथील उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली आहे तेवढ्यापुरतीच बंदी असावी. न्यायालयात जाऊन मिळालेला हा शब्द मुळात नियम लिहितानाच कागदावर पडला असता, तर किती घरांची दिवाळी वाचली असती!

आता या साखळीत कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली विकसित केली आणि डिसेंबर २०२४ च्या पतधोरणाच्या निवेदनात तिचा उल्लेख झाला. म्यूल खाते म्हणजे दुसऱ्याच्या चोरीचे ओझे वाहणारे खाते. पैसे कोठून येतात, किती वेळ थांबतात, किती वेगाने बाहेर जातात, याचे आकृतिबंध शोधून ही प्रणाली संशयित खाती हुडकते. उद्देश योग्यच आहे. तथापि सांगलीच्या बाजारात वाढलेल्या माणसाला लगेच एक शंका येते. हळदीचे सौदे सुरू झाले की आमच्या पेढीच्या खात्यात तामिळनाडूपासून दिल्लीपर्यंतचे पैसे येतात आणि त्याच दिवशी शेतकऱ्यांना, अडत्यांना, ट्रकवाल्यांना वाटले जातात. नऊ महिने शांत असलेले खाते तीन महिने धावत सुटते. यंत्राला हंगाम ठाऊक नसेल, तर त्याला यात काय दिसेल? यंत्राला हंगाम शिकवायचा असेल, तर ज्याने हंगाम पाहिला आहे असा कोणीतरी ते यंत्र आणि त्याचे नियम जेथे घडतात त्या खोलीत बसलेला हवा.

ती खोली आहे कशी, हे मला माझ्याच मामेभावाच्या मुलीमुळे कळले. वाणिज्य आणि विधी शाखेची पदवी घेऊन ती पुण्याहून घरी आली होती. पुढे पेढीचे कर-कामकाज तिने पाहावे असा घरचा बेत होता. त्या एकोणीस दिवसांत बँक, पोलीस आणि वकील यांच्याशी सगळा पत्रव्यवहार तिनेच केला. एके संध्याकाळी ती मला म्हणाली, “काका, प्रत्येकजण मला वर बोट दाखवतो. हे वर नक्की आहे कुठे? मला तिथे जाऊन बसायचंय.” मी हसलो होतो, हे प्रांजळपणे कबूल करतो.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून जनतेच्या सूचना मागवल्या. कायदा २०२३ चा. नियम व्हायचे होते. तिने मसुदा छापून आणला आणि गादीवर बसलेल्या वडिलांना एकेक नियम मराठीत समजावून विचारले, “पप्पा, हे आपल्या दुकानात कसं होईल?” उधारीच्या वहीतील नावे, बिलासाठी घेतलेले मोबाइल क्रमांक, दिवाळीच्या शुभेच्छा पाठवण्यासाठी ठेवलेली यादी; या साऱ्याला नियम कसा लागू होणार, लहान दुकानदाराने संमतीची सूचना कोणत्या भाषेत आणि कोणत्या कागदावर द्यायची, असे प्रश्न तिने तीन पानांत लिहून सरकारच्या संकेतस्थळावर पाठवले. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतिम नियम अधिसूचित झाले तेव्हा सरकारने सांगितले, की मसुद्यावर एकूण ६,९१५ सूचना आल्या. त्यांतील एक सांगलीच्या हळदीच्या पेढीची होती. देशात व्यापारी किती आणि सूचना किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

येथे थोडे विषयांतर करतो. या कायद्यात लोकांची माहिती बाळगणाऱ्याला विश्वस्ताचे स्थान दिले आहे. मंदिराच्या ट्रस्टवर ज्यांनी काम केले आहे त्यांना या शब्दाचे वजन सांगायला नको. ठरवलेल्या कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर ती पुसून टाकावी, हे त्यातील मुख्य तत्त्व आहे. अपरिग्रहाचे व्याख्यान आपण चातुर्मासात दरवर्षी ऐकतो. गिऱ्हाइकाच्या जन्मतारखेचाही परिग्रह असू शकतो हे मला मात्र या कायद्याने शिकवले. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, तेव्हा आपल्या पेढ्यांनी २०२७ च्या उन्हाळ्याची वाट न पाहता आत्ताच कपाटे तपासावीत.

असो. त्याच वर्षी केंद्रातील एका मंत्रालयाच्या तंत्रज्ञान-धोरण कक्षात तिची कंत्राटी सल्लागार म्हणून निवड झाली आणि घरात वादळ उठले. दिल्लीला जायचे, पगार मुंबईच्या खासगी कंपनीच्या निम्मा, नोकरी कायम नाही, आणि स्थळे यायला लागलेली! निवाड्यासाठी मला बोलावण्यात आले. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितले, “भावजी, तुम्ही तिला नाही म्हणा, ती तुमचं ऐकते.” मी नाही म्हणू शकलो नाही. त्या रात्री मी माझ्या नोकरीचा हिशेब मांडत बसलो होतो. हजारो परिपत्रके माझ्या टेबलावरून गेली. त्यांतील काही चुकीची आहेत हे मला, माझ्या रोखपालाला आणि शिपायालाही कळत होते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या एका आजींना कागदपत्रांच्या नूतनीकरणासाठी तीन हेलपाटे घालायला लावले, तेव्हा नियम चुकला आहे हे मला समजत होते. मी एकदाही वर लिहिले नाही. आज लिहीन, उद्या लिहीन, करता करता निवृत्त झालो.

दुसऱ्या दिवशी मी मामेभावाला दोन माणसांची आठवण करून दिली. उदयपूरच्या जैन कुटुंबातील डॉ. दौलतसिंह कोठारी १९४८ मध्ये संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि १९६४ ते ६६ या काळात शिक्षण आयोगाचे अध्यक्ष होते. भौतिकशास्त्रातील पूरकतेचे तत्त्व आणि आपला स्याद्वाद यांतील साम्यावरही त्यांनी लिहिले आहे. दुसरे डॉ. विक्रम साराभाई. अहमदाबादच्या गिरणीमालकांच्या घरचा हा मुलगा १९६२ मध्ये अवकाश संशोधनाच्या राष्ट्रीय समितीचा प्रमुख झाला. खेड्यापाड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी नेण्याचा त्यांनी धरलेला ध्यास त्यांच्या निधनानंतर, १९७५-७६ मध्ये, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत प्रत्यक्षात आला. दोघांच्याही घरांनी तेव्हा त्यांना ‘पेढी कोण सांभाळणार’ असे विचारले असेल का? बहुधा विचारले असेल. मामेभाऊ बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “दादा, तिकडे जेवणाचं काय?”

जेवणाचा प्रश्न खरोखरच सर्वांत अवघड निघाला. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि सायंकाळी सातला सुरू होणाऱ्या बैठका यांचा मेळ बसणे कठीण. ती साडेपाचला डबा खाते. सहकाऱ्यांनी प्रथम थट्टा केली. आता त्यांतील दोघे तिच्याबरोबरच जेवतात.

काम काय करते, असे नातेवाईक विचारतात. संगणकाचे काम करते, एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेत असू. वस्तुतः ती आज्ञावली लिहीत नाही. तिचे काम वाक्यांचे आहे. एखादा मसुदा निघाला की आलेल्या सूचना वाचून त्यांची कलमवार वर्गवारी करायची. कंपन्या काय म्हणतात, ग्राहक काय म्हणतात, दुसऱ्या मंत्रालयाचा आक्षेप काय, परदेशांत काय केले गेले, हे एका टिपणात आणायचे. आणि वरिष्ठांसमोर दोन-तीन पर्याय त्यांच्या गुणदोषांसह ठेवायचे. निर्णय दुसरे घेतात, सही दुसऱ्याची असते. तिचे नाव कोठेही छापले जात नाही. तिने तयार केलेल्या वीस पानांतून कधी एक ओळ नियमात उतरते, कधी तीही नाही. फाइल महिनोन् महिने हलत नाही, आणि कधी रात्रीतून उत्तर द्यावे लागते. विरुद्ध बाजूचे म्हणणे त्याच्याच शब्दांत प्रामाणिकपणे मांडता येणे ही या कामातील पहिली पात्रता आहे. अनेकांतवादाच्या संस्कारात वाढलेल्या मुलांना ही गोष्ट जड जाऊ नये. निदान जाऊ नये अशी अपेक्षा आहे!

एका वाक्याने काय होते, याचे उदाहरण तिनेच मला सांगितले. १ मार्च २०२४ रोजी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने समाजमाध्यमे व तत्सम मंचांना एक सूचनापत्र पाठवले. पुरेशी चाचणी न झालेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली लोकांसाठी खुली करण्यापूर्वी सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी, असा त्यात आशय होता. नवउद्योजकांत खळबळ उडाली. हे छोट्या उद्योगांना लागू नाही असा खुलासा करावा लागला, आणि १५ मार्चला नवे सूचनापत्र काढून परवानगीची अट वगळण्यात आली. त्याऐवजी अशा प्रणालीच्या उत्तरांत चूक असू शकते हे वापरणाऱ्याला स्पष्ट दिसावे, यावर भर आला. दोन आठवड्यांत ‘परवानगी घ्या’ याचे ‘सावध करा’ झाले. मला यात सरकारची फजिती दिसत नाही. चूक कळताच वाक्य बदलणे हे वाक्याला चिकटून राहण्यापेक्षा चांगलेच. परंतु पहिले वाक्य लिहिताना त्या टेबलाशी एखादा लहान उद्योजकाचा मुलगा बसलेला असता, तर दुसऱ्याची गरज पडली असती का, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

कामाची व्याप्ती वाढतच आहे. नीती आयोगाने कृत्रिम बुद्धिमत्तेचे राष्ट्रीय धोरणपत्र २०१८ मध्ये काढले. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये शेतीसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण स्वीकारले. आम्हा बँकवाल्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा ऑगस्ट २०२५ मधील अहवाल. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने ६१२ वित्तसंस्थांची पाहणी केली, तेव्हा १२७ संस्था कृत्रिम बुद्धिमत्ता वापरत होत्या किंवा तिची तयारी करीत होत्या. म्हणजे पाचांत एक. उरलेल्या चार येत्या काही वर्षांत येतील, आणि कर्ज मंजूर करणे, खाते संशयित ठरवणे, तक्रारीचे उत्तर देणे या गोष्टींत यंत्राचा हात वाढत जाईल. समितीने सात सूत्रे आणि २६ शिफारशी दिल्या आहेत. विश्वास, माणूस प्रथम, न्याय्यता, उत्तरदायित्व अशा त्या सूत्रांतील एक माझ्या मते व्यापाऱ्याने पाठ करून ठेवावे. यंत्राचा निर्णय समजण्याजोगा असला पाहिजे. “वरून आलंय” हे उत्तर यापुढे “यंत्राने सांगितलंय” असे होणार असेल, तर त्याला अडवणारे सूत्र हेच आहे. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाची जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांतही हीच सात सूत्रे घेतली आहेत. सूत्रांवरून भाष्य व्हायचे आहे. ते लिहायला माणसे लागणार आहेत.

ज्या घरांत पदवीधर मुले-मुली आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, मध्ये खंड पडून २०२३ पासून पुन्हा चालू आहे. वयोमर्यादा २१ ते २६ वर्षे. संसदेतील कामाचा अनुभव हवा असेल तर पीआरएस ही संस्था २०१० पासून ‘लॅम्प’ फेलोशिप देते, तीत एका खासदाराबरोबर एका तरुणाला काम करता येते. नीती आयोग आणि केंद्रीय मंत्रालये ‘यंग प्रोफेशनल’ म्हणून कंत्राटी नेमणुका करतात. शिक्षणासाठी मुंबईच्या आयआयटीत सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे. तेथीलच तक्षशिला संस्थेचे अल्पमुदतीचे वर्ग नोकरी किंवा दुकान सांभाळूनही करता येतात. संगणक अभियंताच हवा असे नाही. सनदी लेखापाल, वकील, अर्थशास्त्र वा संख्याशास्त्राचे पदवीधर यांना येथे मान आहे. मात्र मासिक वेतन ऐकून नाक मुरडू नये, आणि तीन वर्षांनी काय, याचे उत्तर कोणी देत नाही हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे. काहीजण तेथून रिझर्व्ह बँकेत, विद्यापीठांत वा मोठ्या कंपन्यांच्या धोरण विभागांत जातात. काही घरी परततात.

आणि ज्यांना घर सोडता येत नाही त्यांनाही एक दार उघडे आहे. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे, तर रिझर्व्ह बँकेने मे २०२५ मध्ये स्वतःसाठी चौकट आखून नियमांच्या मसुद्यावर सूचनांसाठी किमान २१ दिवसांची मुदत मान्य केली आहे. आपल्या व्यापारी संघटना कर वाढला की मोर्चा काढतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात डिजिटल व्यवहारांच्या नोंदींवरून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा अनेकांनी क्यूआर कोडच काढून टाकले. संताप मी समजू शकतो. पण मसुद्यावर संघटनेच्या शिक्क्याची दोन पाने वेळेत पाठवणे हे काम अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. “काका, शाखेत लिन लावताना आणि खाते गोठवताना पडद्यावर कोणते पर्याय दिसतात? अधिकारी दुसरा पर्याय का निवडतो? तुम्हाला आठवतं ते सगळं लिहून पाठवा. मराठीत चालेल.” कशासाठी हवे आहे ते तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. मी चार पाने लिहिली. शाखाधिकारी पहिला पर्याय का टाळतो, त्याला कोणत्या चौकशीची भीती वाटते, शनिवारी दुपारी आलेल्या पत्राचे काय होते, सारे लिहिले. निवृत्तिवेतनाच्या आजींचाही प्रसंग शेवटी घातला. सामायिक सेवा केंद्रावर पाने स्कॅन करून पाठवली तेव्हा तेथील मुलाने विचारले, “आजोबा, तक्रार आहे का?” मी त्याला नाही म्हणालो.